‘पाय घसरला’ म्हणणाऱ्या बाईला विचारा

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्या खोलीतलं ओरडणंही विरून जातं. मग बाई दवाखान्यात येते, ‘पाय घसरला’ म्हणते. शेजारी नवरा उभा. डॉक्टर टाके घालतात, गोळ्या देतात. पंधरा दिवसांनी तीच बाई, नवी जखम!

माझं म्हणणं एवढंच : असा संशय आला की सोबतच्यांना दोन मिनिटं बाहेर बसवा आणि हळूच विचारा, ‘घरी कुणी मारतं का?’ वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते याच विचारातून. तिथं मलमपट्टीबरोबर समुपदेशनही मिळतं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं पीडितेला उपचार देणं वैद्यकीय केंद्रांवर बंधनकारक केलंय. जखम कशी, कुणामुळे झाली हे केसपेपरवर नीट लिहिलं, तर तोच कागद उद्या कोर्टात तिच्या कामी येतो. नांदायचं की नाही, हे मात्र तिचं तिलाच ठरवू द्या.

आणि मैत्रिणींनो, डॉक्टरांनी विचारलंच, तर खरं सांगा. नाही विचारलं, तर १८१ हा हेल्पलाइन नंबर आहेच.