‘बंजर’ शब्दाची किंमत

अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त जमिनीचे चार प्रकार दिले आहेत: दरवर्षी पिकणारी पोलज, विसाव्यासाठी सोडलेली परौती, तीन-चार वर्षे पडून असलेली चाचर आणि पाच किंवा अधिक वर्षे न कसलेली बंजर. पहिल्या दोहोंच्या उत्तम, मध्यम, कनिष्ठ प्रती लावून सरासरी उत्पन्नाचा तिसरा हिस्सा दरबाराचा. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ही वर्गवारी नेहमीच चतुर वाटत आली. पण तिचा प्रश्न साऱ्याचा होता, मातीचा नव्हे. पुढे प्रशासनात आलो, तेव्हा उत्तरेकडील महसुली कागदांत ‘बंजर’ हा शब्द तितकाच ठणठणीत आढळला. पंजाबात तर त्याचे ‘जदीद’ आणि ‘कदीम’ असे पोटभेदही आहेत.

मृदाशास्त्र वेगळे विचारते. पोत, खोली, उतार, निचरा, क्षारता पाहून ते जमिनीच्या क्षमतेचे आठ वर्ग करते. पहिले चार नांगराचे. उरलेले कुरण, झाडोरा आणि वन्यजीवांचे. या हिशेबात पश्चिम राजस्थानचे गवताळ माळ वाया गेलेले नाहीत; मेंढरे पोसणे आणि वाळू धरून ठेवणे हेच त्यांचे काम. कागदावर मात्र ते पडीक, म्हणून सौर प्रकल्पासाठी बोट आधी तिकडेच जाते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम १० बागायती बहुपीक जमिनीला संरक्षण देते, हे चांगलेच. परंतु अपवाद म्हणून ती घेतलीच, तर तितक्याच क्षेत्राची लागवडयोग्य पडीक जमीन विकसित करावी किंवा तेवढ्या मूल्याची रक्कम भरावी, असे ते सांगते. हेक्टरास हेक्टर! गंगेकाठच्या खोल गाळाची भरपाई बुंदेलखंडातील उथळ, खडकाळ मातीने होत नाही. वीतभर माती घडायला शतके लागतात. शिवाय कसोटी पाण्याची आहे. पावसाळ्यातली ओल रब्बीपर्यंत जपणारी माळव्याची काळी कोरडवाहू जमीन या मुख्य संरक्षणाबाहेरच राहते.

माहिती नाही, ही सबब चालणार नाही. नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो १९७६ पासून काम करतो आहे. मात्र त्याच्या १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशांत एका सेंटिमीटरमध्ये अडीच किलोमीटर मावतात. पटवाऱ्याने त्यात शेत शोधायचे कसे? २०१५ पासूनची मृदा आरोग्य पत्रिका अन्नद्रव्ये सांगते, खोली आणि उतार सांगत नाही. १:१०,००० प्रमाणाचे सर्वेक्षण पूर्ण करून प्रत्येक भूखंडाचा क्षमतावर्ग संगणकीकृत अधिकार-अभिलेखात नोंदवावा. बिगरशेती परवानगीच्या प्रस्तावात तो रकाना रिकामा असेल, तर फाईल पुढे सरकू देऊ नये.