पगार ७ तारखेला, हप्ता ५ तारखेला: कर्जत-खालापूरच्या तरुणांनी कर्जातून बाहेर पडायचं कसं?

महिन्याची ५ तारीख. सकाळी मोबाईलवर पहिला मेसेज येतो तो बँकेचा. खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे हप्ता परत गेला. दहा मिनिटांत दुसरा मेसेज, दंड लागल्याचा. दुपारी अनोळखी नंबरवरून पहिला फोन.

खोपोली, सावरोली, रसायनी पट्ट्यात कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या पोरांना हे नवीन नाही. पगार ७ ते १० तारखेच्या दरम्यान पडतो आणि हप्ता कापायची तारीख असते २ किंवा ५. म्हणजे कमाई असूनही हप्ता चुकतो. मग बँक दंड लावते, कर्ज देणारी कंपनीही लावते, आणि क्रेडिट रिपोर्टवर उशिराची नोंद होते ती वेगळीच.

तरुणांच्या कर्जाबद्दल बोललं की एक वाक्य हमखास येतं: "यांना आयफोन कशाला हवा?" पण कर्जत आणि खालापूर तालुक्यांत नीट पाहिलं तर गोष्ट एवढी सोपी नाही. काय आहे नेमकं प्रकरण, समजून घेऊया.

कर्ज येतं कुठून?

या दोन तालुक्यांतली बरीच तरुण मुलं तीन प्रकारची कामं करतात. कंपनीत कंत्राटी काम, कर्जत-नेरळच्या फार्महाऊस आणि रिसॉर्टवरची कामं, नाहीतर लोकल पकडून कल्याण, ठाणे, मुंबई. तिन्हीकडे शिफ्ट आडवेळेला सुटते. गाव स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटर आत असेल तर बाईकशिवाय घर गाठता येत नाही. म्हणून पहिलं कर्ज बहुतेकदा बाईकचं. दुसरं मोबाईलचं. तिसरं ॲपवरून घेतलेलं, आणि ते बहुतेक वेळा पहिल्या दोघांचे हप्ते भरायलाच घेतलेलं असतं.

चौथं कर्ज मुलाच्या नावावर नसतंच. ते असतं आईच्या नावावर. गावात आठवड्याला किंवा पंधरवड्याला मायक्रोफायनान्सची मीटिंग भरते, तिथून उचललेले पैसे मुलाच्या बाईकच्या डाऊन पेमेंटला जातात. रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२२ पासूनचा नियम सांगतो की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असं कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. हिशेब घराचा धरायचा, एका माणसाचा नाही. आपणही कर्ज फेडायला बसताना तसाच धरायला हवा. आईचा हप्ता हा तुमचाही हप्ता आहे.

व्याज दिसतं तेवढंच असतं का?

नाही. तीन उदाहरणं घेऊ. आकडे समजण्यापुरते घेतलेत, गणित खरं आहे.

पहिलं, "फक्त १२ टक्के फ्लॅट". ६०,००० रुपये, २४ महिने. व्याज झालं १४,४००, हप्ता ३,१०० रुपये. ऐकायला स्वस्त. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ६०,००० वर लागतं. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर साधारण साडेएकवीस टक्के निघतो.

दुसरं, क्रेडिट कार्ड. ४०,००० थकलेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे १,४०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये. तुम्ही किमान रक्कम म्हणून २,००० भरले, तर मूळ कर्जातून गेले फक्त ३४८. दर महिन्याला फक्त ५ टक्के भरत राहिलात तर वर्षभरात जवळपास २३,००० रुपये भरूनही सुमारे ३६,००० शिल्लकच. त्याऐवजी नवीन खरेदी थांबवून महिन्याला ५,००० भरले, तर दहा महिन्यांत कार्ड मोकळं.

तिसरं, झटपट कर्जाचं ॲप. १०,००० मंजूर, १,५०० फी आधीच कापली, हातात ८,५००. महिन्याने परत करायचे पूर्ण १०,०००. एका महिन्याचा खर्च झाला साडेसतरा टक्क्यांच्या वर. वर्षाच्या हिशेबात २०० टक्क्यांहून जास्त.

हे सगळं एका कागदावर मिळावं म्हणून रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या वैयक्तिक कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं सक्तीचं केलंय. त्यात फी धरून पडणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दुकानातला माणूस "झिरो इंटरेस्ट" म्हणाला तरी हा कागद मागा.

आधी कोणतं फेडायचं?

एक वही घ्या. चार रकाने: कुणाचं कर्ज, किती शिल्लक, खरा दर किती, हप्त्याची तारीख काय. मित्राकडून घेतलेले आणि पतपेढीचेही लिहा. बऱ्याच जणांना आपण एकूण किती देणं लागतो हा आकडाच माहीत नसतो, आणि तो पाहायची भीतीही वाटत असते. पहिल्यांदा पाहिल्यावर पोटात गोळा येतो, पण पुढचं सगळं या आकड्यावर ठरतं.

मग क्रम असा:

१. सगळ्यांचे किमान हप्ते चालू ठेवा. जे जास्तीचे पैसे निघतील, ते सगळे सर्वात महाग कर्जावर टाका. बहुतेक वेळा आधी ॲप, मग कार्ड, शेवटी बाईक.

२. दोन कर्जं जवळपास सारख्या दराची असतील तर लहान आधी संपवा. एक फोन बंद होतो, एक हप्ता मोकळा होतो, जिवाला बरं वाटतं.

३. हप्त्याची तारीख बदलून मागा. पगार ७ ला येतो तर हप्ता १२ ला कापावा, असा लेखी अर्ज किंवा ईमेल करा. दरवेळी मान्य होईलच असं नाही, पण मागायला पैसे लागत नाहीत.

४. महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडता येत असेल तर विचार करा. घरातलं सोनं बँकेत तारण ठेवून घेतलेलं कर्ज कार्डापेक्षा बरंच स्वस्त पडतं. मात्र जुनं कार्ड पुन्हा वापरायला काढलंत तर सोनंही अडकेल आणि कार्डही. आणि सोनं आईचं असेल, तर तिला खरा आकडा सांगूनच न्या.

५. मुदतीआधी फेडताना दंड आहे का ते बघा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जांवर असा दंड घेता येत नाही. पण बाईकचं आणि पर्सनल लोन बहुतेकदा स्थिर दराचं असतं, त्यांना ही सवलत लागू होत नाही.

६. "अर्धे भरा, सेटल करून टाकू" असा फोन आला तर थांबा. क्रेडिट रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण पैसे दिले नाहीत. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की ती नोंद आडवी येते. दुसरा मार्गच नसेल तर सेटलमेंट करा, पण आधी लेखी पत्र, मग पैसे. आणि पैसे कंपनीच्या खात्यात, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही.

वसुलीवाले काय करू शकतात, काय नाही?

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास, काहीच चालत नाही. डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार ॲपला तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो उघडता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या बँका आणि कंपन्यांशी जोडलेल्या कर्ज ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर आहे. त्यात नाव नसलेलं ॲप काढून टाका.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. बनावट ॲप, मॉर्फ केलेले फोटो, धमक्या असतील तर १९३० वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात जा.

"जेलमध्ये जाशील" हे खरं का? कर्ज थकणं हा स्वतःहून गुन्हा नाही. व्हॉट्सॲपवर आलेलं "अटक वॉरंट" खोटं असतं. पण एक बारकावा आहे. खात्यात पैसे नसल्यामुळे ऑटो डेबिट परत गेलं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली, चेक बाऊन्ससारखीच, फिर्याद होऊ शकते. त्यासाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात. म्हणून घरी आलेला कागद कपाटात ढकलू नका. लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरायचं कारण नाही, तिथे तडजोडीची संधी असते. फक्त तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा.

ज्या कर्जाला ॲप नाही

याच दोन तालुक्यांत तरुणांचं आणखी एक कर्ज आहे, जे कुठल्याच क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसत नाही. त्याचं नाव उचल.

डोंगराकडेच्या कातकरी वाड्यांमधली कुटुंबं पावसाळ्यात, हाताला काम नसताना, वीटभट्टी किंवा कोळसाभट्टीच्या मालकाकडून आगाऊ पैसे घेतात. आजारपण, सण, लग्न. दिवाळीनंतर अख्खं घर भट्टीवर जातं आणि पाऊस तोंडावर आला की परततं. हिशेब मालकाच्या वहीत. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही असं निघालं, की बाकी पुढच्या वर्षावर. अठरा-वीस वर्षांच्या नवऱ्या मुलाच्या संसाराची सुरुवातच लग्नाच्या उचलीने होते.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ चा. कर्जापोटी माणसाला कामाशी बांधून ठेवणं गुन्हा आहे आणि असं बांधून ठेवणारं कर्ज कायद्याने संपलेलं मानलं जातं, ते फेडायची गरज नाही. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला लागणं हीसुद्धा सक्तीची मजुरी ठरवली. तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. आदिवासी, महिला आणि वेठबिगारांना वकील मोफत मिळतो, नंबर १५१००.

गावातल्या खासगी सावकारासाठीही २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे. परवाना नसलेली सावकारी गुन्हा आहे. परवानाधारकाला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के एवढीच मर्यादा सरकारने ठरवली. महिन्याला १० टक्के मागणारा माणूस कोणत्या बाजूला बसतो ते तुम्हीच ठरवा. तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे.

मग बुडणाऱ्याला दार आहे का?

या भागात कर्ज म्हटलं की अनेकांना ऑगस्ट २०२३ आठवतो. कला दिग्दर्शक नितीन देसाई यांनी आपल्या कर्जतजवळच्या स्टुडिओत जीवन संपवलं. त्यांच्या कंपनीवर सुमारे २५२ कोटींची थकबाकी होती आणि दिवाळखोरीची प्रक्रिया नुकतीच सुरू झाली होती.

ती प्रक्रिया २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली चालते. त्याच संहितेत सामान्य माणसासाठीही एक भाग आहे. वर्षाला ६०,००० पर्यंत उत्पन्न, २०,००० पर्यंत मालमत्ता आणि ३५,००० पर्यंत कर्ज असलेल्याला 'नवी सुरुवात' देणारी तरतूद त्यात लिहिलेली आहे. पण हा भाग सरकारने सामान्य कर्जदारांसाठी लागूच केलेला नाही. डिसेंबर २०१९ पासून तो सुरू झाला फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. खोपोलीतल्या एखाद्या मुलाला दिवाळखोरी मागायची असेल तर आजही १९२० चा, इंग्रजांच्या काळातला कायदा उघडावा लागतो.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण कर्जांचं जोखीम वजन १०० वरून १२५ टक्के केलं, म्हणजे बँकांना अशी कर्जं देणं महाग केलं. ॲप, फी, वसुली यांचे नियमही आले. कर्ज देताना काय करायचं यावर बरंच काम झालंय. कर्ज घेऊन अडकलेल्या माणसाला बाहेर कसं काढायचं, तो कायदा मात्र पुस्तकातच आहे.

तो येईपर्यंत वही, पेन आणि ५ तारखेची १२ तारीख करून घेणं आपल्या हातात आहे. आणि कुणाला तरी सांगणं. कर्जाचा ताण सहन होत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ नंबरवर दिवसरात्र मोफत बोलता येतं. तुमच्या ग्रुपमधला एखादा मित्र गेले काही दिवस अनोळखी नंबरचे फोन उचलत नसेल, पार्टीला टाळत असेल, तर त्याला उधार किती आहे हे विचारण्याआधी जेवलास का ते विचारा. मग दोघं मिळून वही उघडा.