दोष सूर्यावर ढकलू नका!

"हवामान तर नेहमीच बदलत आले आहे, त्यात माणसाचा काय दोष?" व्हॉट्सॲपवर फिरणारा हा सवाल अनेकांना बिनतोड वाटतो. पण पूर्वी वीज पडून घरे जळत होती, म्हणून आज कोणी आग लावतच नाही, असे आपण मानू का? आग कोणी लावली, हे पुराव्यावरून ठरते. पुरावा समोर आहे.

कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोगाने दाखवले. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दहा लाख कणांत या वायूचे सुमारे २८० कण होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावर मोजणी सुरू केली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत.

हा वायू ज्वालामुखीतून आला म्हणावे, तर तो वाढतो तसा हवेतला ऑक्सिजन घटताना दिसतो. काहीतरी जळत असल्याचीच ही खूण. शिवाय हवेतल्या कार्बनची जातकुळी जमिनीत गाडलेल्या कोळशा-तेलाशी जुळते.

मग सूर्य? उपग्रह १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याची ऊर्जा मोजत आहेत. ती वाढलेली नाही. सूर्यच तापला असता, तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा, स्थितांबर, थंड होतो आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला तर नेमके हेच घडेल, असे स्युकुरो मनाबे यांनी १९६७ मध्ये गणिताने सांगितले होते. त्यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने जाहीर केले: पृथ्वी माणसाने तापवली, हे निर्विवाद आहे.

तरीही आपल्यातले काहीजण "अल्लाहची मर्जी" म्हणून मोकळे होतात. मित्रांनो, हे तवक्कुल नव्हे, ही जबाबदारीतून पळवाट आहे. आणि तिचा फायदा कोणाला? एका अमेरिकन माणसामागचे उत्सर्जन एका भारतीयाच्या कित्येक पट आहे. मे महिन्यात पत्र्याखाली भाजून निघतो तो मात्र हातमाग-यंत्रमागावरचा, हातगाडीवरचा कष्टकरी.

सूर्याला जाब विचारता येत नाही. सरकारला, कंपन्यांना आणि श्रीमंत देशांना विचारता येतो. म्हणूनच दोष सूर्यावर ढकलला जातो. पुढच्या वेळी तो मेसेज आला, की फॉरवर्ड करू नका, उत्तर द्या.