दारावरचे अर्धे वर्तुळ

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की अंबरनाथमधील आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारावर हिरव्या पानांचे कडे लागते. ते कुटुंब मराठी ख्रिस्ती आहे, मूळचे नगरकडचे. मावशींचे यजमान ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला होते, त्यामुळे ते इथलेच झाले. नाताळात त्यांच्या घरून करंज्या-चकल्यांचे ताट सर्वांकडे जाते आणि दारावर चांदणीच्या आकाशकंदिलासोबत हे कडे झुलते. त्याला ते ‘रीथ’ म्हणतात. शब्दकोशात ‘पुष्पचक्र’ सापडेल. पण आपल्याकडे पुष्पचक्र वाहतात ते हुतात्म्यांना, म्हणून दारावर तो शब्द नको वाटतो. मीही ‘कडे’च म्हणेन.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मावशींना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली आणि डावा हात-पाय अधू झाला. चार महिन्यांत त्या काठीच्या आधाराने चालू लागल्या. डिसेंबरात त्यांची मुलगी माझ्याकडे आली ती मात्र रडवेली होऊन. ‘आई हट्टीपणा करते. ताटातली डावीकडची भाजी तशीच टाकते, वर मला भाजी वाढलीच नाहीस म्हणते. दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटून घेते. या वर्षी कडेबिडे काही नको, बाजारातून प्लास्टिकचे आणू.’

व्यवसायोपचाराच्या कामात माझी तीस वर्षे गेली. मी म्हटले, कडे घरीच करू आणि मावशीच करतील.

कृती सोपी आहे. कोणतीही लवचीक, बिनकाट्याची वेल तीन-चार मीटर घ्यावी, कोमट पाण्यात तासभर भिजवावी आणि तिचे वीत-दीड वीत रुंदीचे वेटोळे करून टोके त्यातच गुंफावीत. सुरूच्या डहाळ्या आणि आंब्याची कोवळी पाने यांच्या लहान लहान जुड्या कराव्यात. वेणी गुंफताना पुढचे फूल मागच्या देठावर येते, तशीच पुढची जुडी मागच्या जुडीच्या देठांवर ठेवून सुतळीने बांधत जावे. ज्या हातांनी आयुष्यभर गजरे-वेण्या गुंफल्या, त्यांना हे शिकवावे लागत नाही. तार मात्र वापरू नये. मधुमेहात बोटांची संवेदना कमी झालेली असेल तर टोचलेले कळत नाही, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर लहानशी जखमही त्रास देते.

मावशींचा डावा हात कड्यावर ठेवला. त्याने फक्त दाबून धरायचे, बाकीचे उजव्याने करायचे. अधू हात वापरलाच नाही, तर तो आणखी दुबळा होत जातो. म्हणून त्याला कागदावरच्या वजनासारखे का होईना, काम द्यावे. मुलगी सारखी पुढे होऊन जुडी हातातून घेऊ पाहत होती. तिला मी चहा करायला पाठवले!

अर्ध्या तासाने मावशी म्हणाल्या, ‘झाले.’ मुलगी चहा घेऊन आली ती थबकलीच. कड्याची उजवी बाजू गच्च भरलेली होती आणि डावीकडे नुसती वेल होती. ‘अर्धेच केलेस?’ तिने विचारले. मावशी खरोखरच गोंधळल्या. त्यांच्या दृष्टीने कडे पूर्ण होते.

ताटातली भाजी, चौकटीवरचा खांदा आणि हे अर्धे वर्तुळ ही एकाच गोष्टीची तीन रूपे होती. वैद्यकशास्त्रात तिला ‘निग्लेक्ट’ म्हणतात. डोळे धड असतात, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. बहुतेकदा हे उजव्या मेंदूला इजा झाल्यावर दिसते आणि रुग्णाला स्वतःला त्याची जाणीव नसते. म्हणून तो भांडतो, हट्टी ठरतो. रुग्णालयातून घरी येताना हे कोणी समजावले नव्हते. मुलीने महिनोन्‌महिने आईला रागे भरले होते. खुलासा ऐकताच ती खाली बसली आणि आईचा डावा हात धरून कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

मी कडे अर्धे फिरवले असते, तर मावशींनी उरलेली बाजूही भरली असती, कारण ती आता उजवीकडे आली असती. कडे पूर्ण झाले असते, पण मावशी होत्या तिथेच राहिल्या असत्या. म्हणून फिरवले नाही. सजावटीची लाल फीत घेऊन कड्याच्या डाव्या कडेला गाठ मारली आणि सांगितले, ‘लाल दिसेपर्यंत मान वळवत जा. लाल दिसल्याशिवाय जुडी बांधायची नाही.’ पहिल्यांदा त्यांचा हात मध्यावरच थांबला. मी त्यांचाच डावा हात फितीवर नेऊन ठेवला. मग नजर गेली. डाव्या बाजूच्या सात जुड्यांना दोन दिवस लागले.

डाव्या कडेला ठळक खूण ठेवून तिथपर्यंत नजर नेण्याचा सराव ही या विकारातील जुनी रीत आहे. वाचनासाठी पानाच्या डाव्या समासात लाल रेघ मारतात, तशीच ताटाखालच्या चटईच्या डाव्या कडेला लाल पट्टी शिवता येते. याने मेंदूची इजा भरून निघत नाही, रोजचे व्यवहार सुकर होतात. घरी असे काही आढळले, तर मेंदूविकारतज्ज्ञांना आणि व्यवसायोपचारतज्ज्ञांना जरूर सांगावे. आणि तोवर गॅस पेटवणे व एकट्याने रस्ता ओलांडणे टाळावे.

सजावटीबद्दल एक कळकळीची सूचना. लाल मण्यांच्या मोहाने गुंजा ओवू नयेत. सोनार पूर्वी सोने तोलायला वापरत त्याच या लाल-काळ्या बिया. त्यांतील विष जहाल असते. कठीण साल शाबूत असते तोवर धोका कमी, पण ओवण्यासाठी भोक पाडले किंवा बी चावली गेली की जिवावर बेतू शकते. कण्हेर आणि पिवळ्या फुलांची बिट्टी यांची पाने-फळेही नकोत. ती हृदयाला घातक आहेत. घरात रांगते नातवंड किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर हातात येईल ते तोंडात जाते. लाल रंगासाठी कापडी फीत किंवा बाजारात आलेली पिकली बोरे पुरेत. (बोरांना मुंग्या लागतात, हे मावशींनी मला दुसऱ्या दिवशी सुनावले.)

तोरण उंबरठ्याच्या वर, चौकटीच्या माथ्याला बांधतात आणि दर सणाला कोणी ना कोणी वृद्ध स्टुलावर चढतो. कडे दाराच्या फळीवर, छातीच्या उंचीला लागते. स्टूल नको, शिडी नको. दारावरचे बाहेर पाहायचे भिंग कड्याच्या पोकळीत येईल अशा बेताने खिळा ठोकावा, म्हणजे घरात एकटे असणाऱ्याला बाहेर कोण आहे ते दिसते. सुरूच्या सुया गळून उंबऱ्याशी पडतात आणि त्यांवरून पाय घसरतो. त्या रोज झाडाव्यात. आठवड्याभरात पाने वाळली की मेणबत्ती-पणतीपासून कडे दूर ठेवावे.

मेणबत्त्या लावायचे कडे वेगळे, ते मेजावर आडवे ठेवतात. 1839 मध्ये हॅम्बुर्गला गरीब मुलांचा आश्रम चालवणारे योहान हिन्रिख विखर्न यांनी ते रूढ केले. ‘नाताळला किती दिवस राहिले?’ असे मुले सारखी विचारत, म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर रोजची एक लहान आणि रविवारची एक मोठी मेणबत्ती लावली. वार-तारखेचा घोळ होणाऱ्या वृद्धांच्या घरीही ही युक्ती चालेल. मेणबत्तीऐवजी दर रविवारी एक फीत बांधावी.

तिसऱ्या मजल्यावरचे कडे मावशींनी स्वतः टांगले. लाल गाठ अजून डावीकडेच होती. रीत म्हणून ती खाली यायला हवी, असे मुलीच्या मनात होते, पण तिने हात लावला नाही. नाताळच्या दुपारी मी गेलो, तेव्हा मावशींपुढे फराळाचे ताट होते आणि त्याखाली लाल काठाची चटई. मला पाहताच त्यांनी तक्रार केली, ‘डावीकडच्या करंजीत सारण कमी भरलेय हिने.’