उशिराची किंमत कोण मोजतं?

मॉर्मन म्हटलं की आपल्याला आधी आठवतं बहुपत्नीत्व. पण अमेरिकेतल्या युटामध्ये मुख्यालय असलेल्या या चर्चने ते सोडत असल्याचं १८९०मध्येच जाहीर केलं. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य मिळायला मात्र १९७८ उजाडलं. २०१५मध्ये समलिंगी जोडप्यांच्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत बाप्तिस्मा नाकारला. २०१९मध्ये तो नियम मागे घेतला. समाजशास्त्रज्ञ आर्मंड मॉस यांच्या मते ही तारेवरची कसरत आहे. जगासारखं झालं तर ओळख पुसते, फार वेगळं राहिलं तर जग लांब ठेवतं.

पटतं ना? पण दोस्तांनो, ही कसरत चालू असताना दाराबाहेर कोण ताटकळतं? नियम एका दिवसात बदलतो, वाट पाहण्यात गेलेली वर्षं परत येत नाहीत. म्हणून कुठलीही संस्था ‘आम्ही बदललो’ म्हणाली, की टाळ्या जरूर वाजवा. फक्त उशिराची किंमत कुणी मोजली, तेही विचारा.