१८ तास आणि १८ वर्षे

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की गावोगावच्या ग्रंथालयांत, विहारांत आणि वसतिगृहांत १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. परमपूज्य बाबासाहेबांच्या ज्ञाननिष्ठेला वाहिलेली ती आदरांजली आहे आणि तिचे मोल आम्ही जाणतो. परंतु मुलांच्या सहवासात आयुष्याची इतकी वर्षे घालविल्यावर एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते. या १८ तासांचा आम्ही शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांच्या मनावर नकळत धाक बसविला आहे.

मूल सांगते, रात्री झोप लागत नाही, गणित डोक्यात शिरत नाही, घरची आठवण येते. आमचे उत्तर तयार असते : बाबासाहेबांनी काय काय सोसले ते आठव, त्यापुढे तुझे दुःख ते काय? मूल गप्प होते. त्याला बळ आले, असे आम्ही समजतो. प्रत्यक्षात त्याला एवढेच उमगलेले असते की, इथे दुःख बोलून दाखवायचे नाही.

आरोंद्यासारख्या खाडीकाठच्या गावात मुलांच्या ताणाची कारणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. तेरेखोल नदीच्या पलीकडे गोवा. कुणाचे वडील तिकडे रोजंदारीवर, कुणाची आई मुंबईस घरकामाला. काम सुटले की फोनवरचा आवाज बदलतो आणि तो बदल मुलाला अचूक कळतो. शिष्यवृत्तीचे पैसे रखडतात. एस.टी.त शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थ नाव विचारून थांबत नाही, आडनावही विचारतो. यांतील एकेक प्रसंग लहान असेल. पण रोज साचत गेला की मन खचते.

अशा वेळी मुलांना बाबासाहेबांच्या चरित्रातील कोणते पान वाचून दाखवावे? आमच्या मते ते पान बडोद्याचे आहे. १९१७ साली परदेशी विद्यापीठांत शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहण्यास जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत उतरले. जात कळताच काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात ते प्रांजळपणे सांगतात की, निराधार लेकरासारखी त्यांना त्या वेळी आईवडिलांची आठवण झाली. तो जमाव १८ वर्षांनंतरही डोळ्यांपुढून हलला नव्हता आणि तो आठवला की डोळे भरून येत.

१८ तास अभ्यास करणाऱ्या महामानवाने १८ वर्षे जपलेले अश्रू लपविले नाहीत, लिहून ठेवले. हे आम्ही मुलांना का सांगत नाही? रडल्याने माणूस दुबळा होत नाही, हे बाबासाहेबांकडूनच शिकता येते.

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. देहाला वेदना होते, तो पहिला बाण. त्या वेदनेने मन शोक करते, तळमळते, तो दुसरा. शिकलेला श्रावक दुसरा बाण लागू देत नाही. आनापानाचा अभ्यास त्यासाठीच आहे. येणारा-जाणारा श्वास पाहत रोज १० मिनिटे शांत बसलेले मूल रागाच्या किंवा भीतीच्या क्षणी स्वतःला सावरू शकते.

मात्र येथेच थांबणे आम्हांस मान्य नाही. पहिला बाण कुणी सोडला, हा प्रश्न आंबेडकरी माणसाने विचारलाच पाहिजे. आडनाव विचारून अपमान करणारा मोकळा आणि अपमान झालेल्या मुलाने मात्र डोळे मिटून श्वास पाहावा, एवढाच उपदेश असेल तर तो धम्म नव्हे. सोसण्याची सवय निराळी आणि पुन्हा उभे राहण्याचे बळ निराळे. दुसऱ्या बाणासाठी चित्ताची साधना हवी. पहिल्यासाठी शिक्षण, संघटन आणि कायदा हवा.

बाबासाहेबांनी हेच केले. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, १९२५ च्या जानेवारीत, सभेने सोलापुरास वसतिगृह सुरू केले. ज्याला बडोद्यात डोक्यावर छप्पर मिळाले नाही, त्याने पुढे आपल्या लेकरांसाठी छप्पर उभारले. आपले आजचे वसतिगृह हे त्याच परंपरेतले आहे. म्हणून मनोबलाची जबाबदारी एकट्या मुलावर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. पोटभर जेवण, पुरेशी झोप, सायंकाळचा खेळ, आणि दिवसाकाठी आपले बोलणे ऐकून घेणारे एक मोठे माणूस, एवढे मिळाले तर मूल पुष्कळ काही पेलते.

पालकांना आमची विनंती आहे की, फोनवर गुणांच्या आधी झोपेची व जेवणाची विचारपूस करावी. झोप उडाली, जेवण तुटले, मूल सर्वांपासून दूर राहू लागले आणि असे दिवसचे दिवस चालले, तर डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा मानू नये. माजी विद्यार्थ्यांनी व्यासपीठावरून यशाच्या गोष्टी जरूर सांगाव्यात. पण कधी एखाद्या रविवारी येऊन मुलांमध्ये बसावे आणि या वसतिगृहात आपण ज्या रात्री उशीत तोंड खुपसून रडलो, त्या रात्रीचीही हकीकत सांगावी. आणि सकाळी कुणी उठवले, तेही सांगावे.

जय भीम! नमो बुद्धाय!