कामे घरी येवोत, माणसे उन्हात जावोत

हेमंत आणि शिशिर हे आपल्या परंपरेने आरोग्यवर्धनाचे ऋतू मानले आहेत. या काळात जठराग्नी प्रदीप्त असतो, म्हणून आयुर्वेदातील ऋतुचर्येत स्निग्ध आहार, अभ्यंग, व्यायाम आणि उन्हाचे सेवन सांगितले आहे. महाराष्ट्रातील घरांत या दिवसांत बाजरीची भाकरी, तिळाची चटणी आणि डिंकाचे लाडू ओघानेच येतात. असे असूनही थंडी सुरू झाली की काही माणसे कोमेजू लागतात. सकाळी अंथरुणातून उठवत नाही, बाहेर पडण्याचा उत्साह राहत नाही, कोणाशी बोलावेसे वाटत नाही. मुलांच्या नोकरीच्या निमित्ताने आपले गाव सोडून बंगळुरूच्या जे. पी. नगरसारख्या वस्तीत राहावयास आलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत तर हे अधिकच जाणवते.

पाश्चात्त्य देशांत या मरगळीचे कारण निसर्गातच आहे. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये दिवस ८ तासांचाही नसतो. डॉ. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दर हिवाळ्यात परतून येणाऱ्या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेत केले. डॉ. रोझेंथाल हे स्वतः दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून अमेरिकेत स्थायिक झालेले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

बंगळुरूची स्थिती मात्र निराळी आहे. येथील वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तास २० मिनिटांचा असतो आणि सर्वांत मोठा दिवस त्याहून केवळ दीड तासाने मोठा. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात जानेवारीतील सरासरी किमान तापमान १६ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठले की आकाश झाकोळते, रिमझिम लागते आणि भर दुपारी स्वेटर घालावा लागतो. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस आलेल्या ‘फेंगल’ वादळाच्या वेळी याचा अनुभव आला. परंतु असे दिवस मोजकेच. एरवी सूर्य आपले काम चोख करीत असतो.

मग अंधार येतो कोठून? तो आपल्या दिनक्रमातून येतो. नोकरदार मंडळी दिवसभर वातानुकूलित दालनात बसतात आणि दिवेलागणीनंतर बाहेर पडतात. घरातील वडीलधारी माणसे बंद खिडकीमागे दूरदर्शन संचासमोर बसून असतात. काचेतून ऊब मिळते, पण त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व निर्माण करणारे किरण काच अडवून धरते. म्हणजे उन्हाजवळ बसूनही आपण उन्हापासून वंचितच!

येथे बँकेतील एक अधिकारी या नात्याने काही स्पष्टपणे लिहावेसे वाटते. गेल्या काही वर्षांत ‘घरबसल्या’ हा आमच्या व्यवसायातील परवलीचा शब्द झाला आहे. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचेच उदाहरण घ्या. हा दाखला प्रतिवर्षी नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नेमका थंडीच्या तोंडावर द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी शाखा उघडण्याआधीच रांग लागत असे. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सुविधा सुरू झाली आणि २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीवरूनही दाखला देता येऊ लागला. ७० वर्षांवरील ज्येष्ठांना आणि दिव्यांगांना घरपोच सेवा देण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये दिले. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. अशा वेळी वृद्धांना भल्या सकाळी रांगेत उभे राहावे लागू नये, हे सर्वस्वी योग्यच आहे. ज्यांनी या सुविधा अद्याप घेतल्या नसतील त्यांनी अवश्य घ्याव्यात.

तथापि, या सोयीला दुसरी बाजूही आहे. दूध, भाजी, औषधे आणि निवृत्तिवेतन, सारेच दारात आले की घराबाहेर पडण्याचे कारणच उरत नाही. पासबुक भरून घेण्याच्या निमित्ताने शाखेत येणारे आजोबा बाकावर समवयस्कांशी चार शब्द बोलत. क्वचित कोणी मराठी बोलणारे भेटले की त्यांची कळी खुलत असे. रांग गेली हे उत्तम झाले, पण रांगेबरोबर सोबतही गेली. वाचलेला वेळ आपण कोठे गुंतवला, हा प्रश्न म्हणूनच विचारावासा वाटतो. माझे मत असे की, तंत्रज्ञानाने वाचवलेला हा तास उन्हाच्या आणि माणसांच्या खात्यात जमा झाला पाहिजे.

वृद्धांनी थंडीत घरातच थांबावे, असे पुष्कळांचे म्हणणे असते. पहाटेपुरते ते खरे आहे, पण दिवसभरासाठी नाही. सकाळी ९-१० नंतर ऊन चांगले वर आलेले असते. शहरातील सार्वजनिक उद्याने पूर्वी दुपारी बंद असत. २०२४ मध्ये ती पहाटे ५ ते रात्री १० खुली ठेवण्याचा निर्णय झाला. नागरिकांच्या पुढाकाराने नवजीवन मिळालेला पुट्टेनहळ्ळी तलाव जे. पी. नगरच्या ७व्या टप्प्यात आहे. कान झाकून, अंगात स्वेटर घालून तेथे अर्धा तास फिरले, तरी शरीर आणि मन दोन्ही मोकळे होतात. थंडीत तहान कमी लागते, म्हणून आठवणीने पाणी प्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नयेत. बंद खोलीत शेगडी पेटवून ठेवू नये. आम्हा कर्मचाऱ्यांनीही जेवणाच्या सुट्टीतील १५ मिनिटे इमारतीबाहेर काढावीत.

इतके करूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासीनता टिकली, झोप आणि भूक हरवली, तर ‘हवामानाचा परिणाम’ म्हणून दुर्लक्ष करू नये. मानसिक आरोग्यासाठी देशभर विख्यात असलेली निम्हान्स ही संस्था याच शहरात आहे. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

संक्रांतीला आपण तिळगूळ वाटतो, कन्नड बंधुभगिनी ‘एळ्ळु-बेल्ल’ वाटतात. तीळ आणि गूळ दोन्हींत आहे, गोड बोलण्याचे आर्जवही तेच. प्रश्न इतकाच की, हे वाटप आपण बहुधा कार्यालयातून परतल्यावर, अंधार पडल्यावर घाईघाईने उरकतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा काळ तर सूर्योपासनेचाच! तेव्हा येत्या संक्रांतीला एक सकाळ राखून ठेवावी, आई-वडिलांच्या हाती तिळगुळाचा डबा द्यावा आणि त्यांच्यासोबत शेजाऱ्यांच्या दारी उन्हातून चालत जावे.